उम्म सुहासचा केक

युएईत राहते म्हटलं की गावाकडची माणसं मला ठरलेले प्रश्न विचारतात. उकाडा सोसवतो का? त्या उंच इमारतीच्या टोकाला जाऊन आलीस का? यंदा मात्र माझ्याकडे वेगळंच सांगण्यासारखं आहे. मी या वाळूच्या देशात स्वेटरवर शाल पांघरली, भोगीला बाजरीची भाकरी थापली आणि ढगात बसून केक भाजला. आधी सपशेल फसवला, मग भाजला. पण हे सुरुवातीपासून सांगायला हवं.

आमचं बिऱ्हाड शारजातल्या अल नहदात, चौदाव्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या टॉवरचं वाळत घातलेलं धुणं दिसतं आणि खाली दुबईकडे सरकणारी गाड्यांची रांग. नवरा सुहास सिव्हिल इंजिनियर. मी एका कार्गो ऑफिसात अकाउंट्स बघते आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने केक करते. मुलगी इरा दुबईत हॉस्टेलला. नोव्हेंबरात माझ्या सासूबाई पाचगणीहून आल्या. मी त्यांना आईच म्हणते. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. आईंचा रेसिडेन्स व्हिसा करून त्यांना कायमचं इथेच ठेवायचं सुहासच्या मनात होतं.

आईंबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे, की पाचगणीत त्यांना सगळे केकवाल्या काकू म्हणतात. तिथे बोर्डिंग शाळा पुष्कळ. आईबापांपासून लांब राहणाऱ्या मुलांच्या वाढदिवसाचा केक वर्षानुवर्षं आईंच्या घरून जायचा. बाबा स्कूटरवर पायांमध्ये डबा धरून तो पोचवायचे आणि कुठला मुलगा रडला, कुठला हसला ते येऊन आईंना सांगायचे.

सुहासच्या वाढदिवसाला आईंनी आमच्या घरी केक केला. तो फुगलाच नाही. मध्ये ओलसर, कडेला घट्ट, जेमतेम थालीपिठाच्या जाडीचा. ओव्हन सवयीचा नाही म्हणून दुसऱ्यांदा केला, तेच. मैदा वेगळा असेल म्हणून तिसऱ्यांदा केला. तो तिसरा त्यांनी कुणी बघायच्या आत कचऱ्याच्या पिशवीत टाकला, पण मी दारात उभी होते.

"माझा हात गेला गं मंजिरी," त्या म्हणाल्या. "हे गेले आणि हातही गेला."

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात पाणी प्यायलाच काय त्या यायच्या. दिवसभर टीव्ही. बाबांचं नाव तर घरात कुणी काढायचंच नाही, असा न सांगता नियमच झाला. मी काढलं की त्या उठून जायच्या.

जानेवारीत सुहासच्या कंपनीला जबल जैसवर, म्हणजे इथल्या सगळ्यात उंच डोंगरावर, रस्त्याकडेच्या दगडी भिंती बांधायचं काम मिळालं. राहायला वरच केबिन. मी थोडी रजा टाकली, थोडं वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि आईंना म्हटलं, "चला, थंड हवेच्या ठिकाणी जाऊ."

"इथे कसली आलीय थंड हवा," त्या म्हणाल्या. पण बॅगेत मफलर भरला.

वर

रास अल खैमा शहर मागे पडल्यावर रस्त्याकडेला शेतमालाचं एक दुकान लागलं. टोमॅटो, मुळे, आणि चक्क स्ट्रॉबेरी! इथल्याच शेतातली, हिवाळ्यातली. आईंनी खोकं नाकाशी धरलं. "आपल्याकडच्यापेक्षा जरा आंबट असणार," त्यांनी एक चाखून निकाल दिला आणि तरीही दोन खोकी घ्यायला लावली. मला तेवढ्याने सुद्धा आनंदाची उकळी फुटली. दोन महिन्यांत आईंनी स्वतःहून मागितलेली ती पहिली वस्तू होती.

मग घाट सुरू झाला. जबल जैस म्हणजे सह्याद्री कुणी सोलून ठेवावा तसा डोंगर. झाड नाही, गवत नाही, नुसता तांबूस-करडा दगड, थरावर थर. रस्ता मात्र असा गुळगुळीत की बोट फिरवावं. प्रत्येक वळणावर मी "बघा, बघा!" करत होते. एका वळणावर आईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"दडे बसले. पसरणीचा घाट चढताना बसतात तस्से."

केबिनशी पोचलो तेव्हा सुहासने फोनवर उंची बघितली. जवळजवळ पाचगणीएवढीच निघाली. त्या वेळी आम्हाला त्याचं फक्त कौतुक वाटलं. त्याचा पुढे कशाशी संबंध येणार आहे हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

केबिन दोन खोल्यांची, पत्र्याची. मागे कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि तिच्याखाली छोटा ओव्हन. वारा असा की दार उघडायला खांदा लावायचा. संध्याकाळी खालच्या दरीतून ढग चढून आले आणि खिडकीला टेकले. रात्री पारा एवढा उतरला की शारजात बारा महिने एसी लावणारी मी हीटर शोधत होते. स्वयंपाकाची गंमत निराळीच. चहाला आधण पटकन यायचं, पण चहा कडक होईना. राजमा कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्यांना दाद देईना. मी वैतागले. आई शांतपणे म्हणाल्या, "आणखी दोन शिट्ट्या होऊ दे. वर असंच असतं."

भोगी

भोगीच्या सकाळी मी ठरवलंच होतं की डोंगरावर का होईना, भोगीची भाजी झाली पाहिजे. बर दुबईच्या हिंदुस्थानी बाजारातून तीळ आणि बाजरीचं पीठ आणलं होतं. गाजर, वांगी, वालाच्या शेंगा होत्या. ओला हरभरा नव्हता, बोरं नव्हती. आई पलंगावर बसून "बोरांशिवाय कसली भोगी" म्हणत होत्या, तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक म्हातारी. काळी पायघोळ अबाया, नाकावर सोनेरी झाक असलेला कडक कापडी बुरखा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मागे लँड क्रूझरमध्ये तिचा मुलगा सईद. इथे आईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून ती उम्म सईद, सईदची आई. खाली शहरात यांचं मोठं घर, पण पिढीजात दगडी घर इथे डोंगरावर, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. थंडीत बाई शेळ्या घेऊन वर येऊन राहते. आयुष्यभर हिंदुस्थानी दुकानदारांशी बोलून तिची हिंदी आमच्याइतकीच बरी, म्हणजे आमच्याइतकीच वाईट होती.

"नया लोग आया, हम देखने आया," ती म्हणाली आणि पिशवी पुढे केली. "नबग. हमारा झाड का."

मी पिशवीत डोकावले आणि ओरडलेच, "आई, बोरं!"

आई अनवाणी धावत आल्या. खरीखुरी बोरं! पिवळी, काही तांबूस, वाटाण्याहून थोडी मोठी. आईंनी एक तोंडात टाकलं, बी गालात धरून उम्म सईदचा हात हातात घेतला आणि तिला ओढतच आत आणलं.

त्या दिवशी भाकऱ्या आईंनी थापल्या. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी, बोरं घातलेली भाजी. उम्म सईदने बुरख्याखालून घास घेत सगळं चवीने खाल्लं. तिळाचा लाडू दिला तर म्हणाली, "सिमसिम! हमारे में भी है." आईंनी तिला हिंदीत समजावलं, "ये खाके मीठा बोलने का. साल भर."

"मीठा बोलेगा, इन्शाल्ला," उम्म सईद म्हणाली. मग सुहासकडे बोट दाखवून विचारलं, "ये बेटा? क्या नाम?"

"सुहास."

"बस. तुम उम्म सुहास."

आईंना हे नाव इतकं आवडलं की जेवणं झाल्यावर भांडी घासताना त्या एकट्याच ते म्हणून बघत होत्या.

पाऊस

त्यानंतर उम्म सईद रोज यायची, नाहीतर आई तिकडे जायच्या. तिच्या अंगणात लोखंडी तव्यावर ती रगाग नावाची भाकरी करते. सैलसर पीठ हाताने तापल्या तव्यावर पुसल्यासारखं फिरवायचं की कागदासारखी पोळी सुटते. वर तूप आणि डोंगरी मध. आईंनी एकदा प्रयत्न केला, बोटं भाजून घेतली आणि दोघी लहान मुलींसारख्या हसल्या. केकबद्दल मात्र आई अवाक्षर काढत नव्हत्या. स्ट्रॉबेरीचा मी मुरंबा करून ठेवला.

गुरुवारी पावसाचा अंदाज होता. आपल्याकडे पाऊस म्हटलं की माणसं घरी पळतात. इथे पाऊस म्हटलं की माणसं गाड्या काढून त्याला भेटायला निघतात! बुधवारी रात्रीच उम्म सईदचं अख्खं खानदान डोंगरावर चढलं. मुलं, सुना, नातवंडं, तंबू, गालिचे. आणि यंदा निमित्तही मोठं. तिची नात मरियम डॉक्टरकीची परीक्षा पास झाली होती. शुक्रवारी नमाजनंतर जेवण होतं आणि आम्हाला आग्रहाचं आमंत्रण.

गुरुवारी पाऊस आला तो विचारू नका. त्या उघड्याबोडक्या डोंगरावरून क्षणात शंभर धबधबे सुटले. मी छत्रीबित्री सोडून बाहेर उभी राहून भिजले. लहान मुलं "मतर! मतर!" म्हणजे "पाऊस! पाऊस!" असं ओरडत नाचत होती. दुपारी दरडीचे दगड रस्त्यावर आले आणि खालचा रस्ता बंद झाला. सुहास रेनकोट चढवून कामावर गेला तो रात्रीपर्यंत परतलाच नाही.

संध्याकाळी उम्म सईद आली ती चेहरा पाडून. मरियमचा केक शहरातल्या बेकरीत तयार होता. सईद शुक्रवारी सकाळी आणणार होता. आता रस्ता कधी उघडेल कोण जाणे.

"केक नीचे, हम ऊपर. खलास," ती म्हणाली.

मला कुठून जोर आला माहीत नाही. "मैं बनाती हूँ ना!" मी म्हटलं. "तीस लोगों का. सुबह तक."

उम्म सईदने मला छातीशी धरलं. आई माझ्याकडे बघत होत्या. "त्या एवढ्याशा ओव्हनमध्ये?" एवढंच म्हणाल्या.

"थर करून रचते. तुम्ही फक्त बघा."

शुक्रवार

सकाळी उजाडताच लागले. माझा व्हॅनिला केक ऑफिसात प्रसिद्ध आहे, कधी फसलेला नाही. मोजून मैदा, मोजून साखर, भरपूर बेकिंग पावडर. लोणी-साखर हाताने फेसली, अंडी घातली, दोन टिन भरून ओव्हनमध्ये ढकलले आणि काचेतून बघत बसले.

काय फुगला म्हणून सांगू! दहा मिनिटांत टिनच्या काठाला आला. मी आनंदाने हाक मारली, "आई, बघा तरी!" त्या येईपर्यंत केक काठावरून ओसंडला, खाली तळावर थबथब पडला, करपल्याचा धूर निघाला, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही टिनमधला मधला भाग धसकन खाली बसला. बाहेर काढले तर टिनमध्ये केक नव्हते, दोन विहिरी होत्या.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. अंडी उरली होती ती एका वेळेपुरती. मैदाही तेवढाच. आणि तिकडे मांस शिजल्याचा वास यायला लागला होता.

आई टिनकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि हसायला लागल्या. खदखदून. मला आधी रागच आला.

"अगं, रागावू नकोस. हा माझा केक आहे. लग्नानंतर पाचगणीला केलेला पहिला केक असाच झाला होता. हुबेहूब."

"म्हणजे?"

"मी अलिबागची. समुद्राकाठचं माप घेऊन डोंगरावर गेले. घालीन तेवढी पावडर उतू जायची. वर हवा पातळ असते, फुगवायला फारसं काही लागतच नाही. एकेक चिमूट कमी करत, दूध वाढवत, वर्षभराने मला माप सापडलं. ते मग इतकं हातात बसलं, की…"

त्या थांबल्या. मीही थांबले. दोघींच्या डोक्यात ते एकाच वेळी उजाडलं असावं.

"आई," मी म्हटलं, "तुमचं ते डोंगरावरचं माप तुम्ही शारजात घातलंत."

त्या स्वतःच्या हातांकडे बघायला लागल्या. तळवे उलटे, सुलटे. "अल नहदा म्हणजे समुद्रकाठच की," त्या हळू म्हणाल्या. "बाई गं. मला कसं सुचलं नाही?"

मग उठल्या. पदर खोचला. माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

"सरक. अंडी दे."

मी आईंना इतकी वर्षं ओळखते, पण केक करताना त्यांना असं शेजारी उभं राहून कधी बघितलं नव्हतं. त्या मोजत नव्हत्या. पावडर दोन बोटांत उचलली तेवढीच. दूध घातलं, पळी उचलून मिश्रण पडू दिलं, ते कसं पडतंय ते बघितलं, आणखी थोडं घातलं. शेवटी माझा स्ट्रॉबेरीचा मुरंबा अर्धा आत कालवला. ओव्हनचं दार लावल्यावर मात्र त्यांनी ते पुन्हा एकदा दाबून बघितलं. ही शेवटची अंडी होती, आणि अंड्यांपेक्षाही जास्त काहीतरी त्या टिनमध्ये होतं हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

काचेसमोर आम्ही जमिनीवर मांडी घालून बसलो. केक सावकाश वर आला. काठापाशी आला. काठावर बोटभर चढला आणि तिथेच थांबला, गोल, सोनेरी, कुठेही चीर नाही. आईंनी विणकामाची सुई खुपसून काढली. स्वच्छ.

मी त्यांना मिठीच मारली. अशी मिठी मी त्यांना लग्नानंतर कधी मारली नव्हती. त्या म्हणाल्या, "अगं, टिन गरम आहे," पण सोडवून घेतली नाही.

दोन टिनचे दोन थर, मध्ये आणि वर उरलेला मुरंबा, बस्स. तीस माणसांना पातळच तुकडे येणार होते. सुहासच्या पिकअपमध्ये आई तो मांडीवर घेऊन बसल्या.

तंबूत लांबलचक गालिचा, मध्ये भाताचे डोंगर, त्यावर मटण. आई मटण खात नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे रगाग, मध, खजूर आणि दही वेगळं मांडलेलं. मरियमने केक कापला आणि पहिला तुकडा स्वतः न खाता आजीला दिला. उम्म सईदने डोळे मिटून खाल्ला. मग दुसरा मागितला.

"उम्म सुहास," ती म्हणाली, "ये किसने सिखाया?"

मला वाटलं आई मावशीचं, बहिणीचं कुणाचं तरी नाव सांगतील. त्यांनी बोटावरचा मुरंबा पुसला.

"किसीने नहीं. मेरे मालिक ने," त्या म्हणाल्या. आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याला म्हणतात तसं. "एक साल तक मेरा केक खराब होता था. बैठा हुआ, जला हुआ. रोज शाम को वो खाते थे. पूरा खाते थे. एक बार भी बोले नहीं कि खराब है. बोलते थे, कलसे अच्छा है."

त्यांचा आवाज फुटला नाही. उलट त्या हसत होत्या, आणि डोळे वाहत होते. सुहास भाताच्या ताटावर हात तसाच ठेवून ऐकत होता. ही गोष्ट त्यानेही पहिल्यांदाच ऐकली होती.

उम्म सईदने आईंच्या पाठीवर हात ठेवला. "मेरा वाला बहुत बोलता था," ती म्हणाली. "रोटी मोटा, रोटी पतला. अब कोई नहीं बोलता." आणि दोघी पुन्हा हसल्या. त्या दुपारी आई बाबांबद्दल बोलत राहिल्या. स्कूटर, डबा, पावसात एकदा घसरून केकसकट पडले ते. मोडक्या हिंदीत, अनोळखी बायकांपुढे. मरियम काहींना ते अरबीत सांगत होती, आणि तो घसरल्याचा किस्सा त्या भाषेतही तितकाच हशा पिकवत होता.

खाली

रस्ता शनिवारी उघडला. आम्ही आणखी आठवडाभर राहिलो आणि शारजाला उतरलो. खाली आल्यावर आईंनी चप्पल काढली, हात धुतले आणि विचारलं, "मैदा आहे का?" पहिला केक थोडा घट्ट झाला. त्यांनी नाक मुरडलं, पावडर वाढवली. दुसरा बरा. तिसरा इराने हॉस्टेलवर नेला आणि रात्री मेसेज आला, "आजी, माय फ्रेंड्स वॉन्ट मोर!"

सुहास खूश होता. त्याने व्हिसाचे कागद काढले, टेबलावर मांडले. "आई, इथेच बेकिंग सुरू कर. या बिल्डिंगमध्येच किती ऑर्डर मिळतील."

आई सही करायला बसल्या नाहीत. चहाचा घोट घेतला.

"फेब्रुवारीत शाळांचे वाढदिवस तुंबलेले असतील," त्या म्हणाल्या. "मी नसताना इतके महिने केक कुणी केले असतील कोण जाणे. मला घरी जायचंय, सुहास."

"एकटी?"

"एकटीच. डबे पोचवायला रिक्षा आहेत."

सुहासने माझ्याकडे बघितलं. त्याला मी त्यांना थांबवायला हवी होते. मलाही त्या हव्या होत्या. आता तर फारच हव्या होत्या. दोन महिने आमच्या घरात एक बाई नुसती बसून होती, आणि आता जी उठून उभी राहिली होती ती जायचं म्हणत होती.

"परतीचं तिकीट कधीचं काढू?" सुहासने लॅपटॉप उघडत शेवटचा प्रयत्न केला.

"परतीचं नको. एकेरीच काढ. थंडीत बघू."

त्याने एकेरी तिकिटाचं पान उघडलं, पण बटण काही दाबेना. मग मीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काढ," मी म्हटलं.